कवळीकरांचा कान

त्यांचं आडनाव वेगळंच होतं. पण चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या करण्यात गेल्यावर गल्लीनं त्यांना कवळीकर करून टाकलं, आणि शेवटी दारावरची पाटीही त्यांनी तशीच रंगवून घेतली. माझं औषधाचं दुकान त्यांच्या जिन्याच्या अगदी समोर. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे दात त्यांनी केलेले आणि त्या दातांमागून पोटात जाणाऱ्या गोळ्या मी दिलेल्या, असा आमचा शेजार.

माणूस कामाला सोनं, जिभेला कानस. एकदा एक बाई नवी कवळी लावून आरशासमोर हसून बघत होत्या, तर हे म्हणाले, "दात उत्तम झालेत. हसणं तुमचं मुळातच वाईट आहे, त्याला मी काय करू?" बाई तोंड मिटून गेल्या. पुन्हा आल्या त्याही तोंड मिटूनच. दुसरीकडे इतकी चांगली कवळी कोण करून देणार?

कवळीकरांना गाण्याचं वेड. वेड म्हणजे साधं नाही. तरुणपणापासूनच्या तबकड्या, कॅसेटी, रेडिओवरून टेप केलेले कार्यक्रम, कुणाकुणाच्या घरून आणलेली खासगी ध्वनिमुद्रणं, हे सगळं त्यांनी एकेक करून कॉम्प्युटरवर चढवलं होतं. अडतीस हजार फाइली. शनिवारी दुपारी तीन ते पाच आम्ही तिघं त्यांच्याकडे ऐकायला जायचो: मी, बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर आणि कोपऱ्यावरचे टेलरमास्तर. ऐकायला म्हणजे खरं तर ऐकून घ्यायला. गाणं दहा मिनिटांचं असलं तर त्यावर कवळीकर वीस मिनिटं बोलायचे. कोण कुठं बेसूर झालं, कुणाचा श्वास कुठं तुटला, कुणाला गाणं म्हणजे काय ते जन्मात कळलं नाही. आम्ही माना डोलवायचो. त्यांच्यासमोर मान न डोलवणाऱ्याचा कान तिथल्या तिथं कापला जायचा.

घरात ते आणि त्यांची धाकटी बहीण. बहिणीला ते लहानपणापासून चिमणी म्हणायचे, हाक मारताना चिमे. आम्ही चिमाताई म्हणायचो. नवरा गेल्यावर दिरांनी घराला कुलूप घातलं, तेव्हा एक कपड्यांची पेटी घेऊन भावाकडे आल्या त्या तिथंच राहिल्या. कोर्टात टायपिस्ट होत्या. बोटं अशी चालायची की ऐकणाऱ्याला वाटावं, पत्र्यावर गारा पडताहेत. निवृत्त झाल्या तेव्हा साहेबांनी भाषणात सांगितलं की, बाईंनी तीस वर्षांत एक अक्षर चुकवलं नाही. कवळीकरांना हे कळल्यावर ते म्हणाले, "दुसऱ्याचं लिहिलेलं बडवायचं, त्यात चुकायचंय काय?"

झालं असं की, कवळीकरांचा जुना कॉम्प्युटर बसला. फाइली दुसऱ्या डिस्कवर होत्या म्हणून वाचल्या, पण ज्या प्लेअरमध्ये त्यांनी बारा वर्षं गाणी लावून ठेवली होती तो नव्या कॉम्प्युटरवर चालेना. नवा प्लेअर निवडणं आलं. दुसऱ्या कुणी पाच मिनिटांत एखादा उतरवून घेतला असता. कवळीकरांनी कागदावर प्रश्नपत्रिका काढली आणि दोन महिने परीक्षा घेतली. आम्ही शनिवारी गेलो की निकाल ऐकायचा.

पहिला प्लेअर दिसायला देखणा. पण उघडल्या उघडल्या नाव, पत्ता, जन्मतारीख मागायला लागला. "गाणी माझी, खुर्ची माझी, आणि हा मलाच विचारतो तुम्ही कोण?" नापास.

दुसरा गाणी आपल्या मनानं लावायचा. एकाच बाईचं नाव सात जागी सात तऱ्हांनी लिहिलेलं होतं, तर त्यानं एका बाईच्या सात बाया केल्या आणि एका मैफलीच्या सात मैफली. कवळीकरांचे फोल्डर त्याला दिसतच नव्हते. नापास.

तिसरा फार हुशार. त्यानं न विचारता इंटरनेटवरून नावं आणि चित्रं आणली. पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्या एका गायिकेच्या जागी गिटार घेतलेला दाढीवाला बाप्या येऊन बसला. वर एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना तो मध्ये उचकी लागल्यासारखा थांबायचा, त्यामुळे दोन भागांत टेप केलेली मैफल बरोबर समेवर मोडायची. "हा हुशार नाही, आगाऊ आहे," म्हणून कवळीकरांनी त्याला काढून टाकला.

चौथा पास झाला. दिसायला सरकारी फॉर्मसारखा करडा. कुणा एकट्या माणसानं हौसेनं केलेला, फुकट. फोल्डर जसेच्या तसे दाखवायचा, मध्ये थांबायचा नाही, आणि प्रत्येक गाण्यापुढच्या रकान्यात आपल्याला हवं ते लिहिता यायचं: गायक, साथीदार, साल, प्रकार, शेरा. शिवाय चालू गाण्याचं आणि गाणाऱ्याचं नाव पडदाभर मोठ्या अक्षरांत लावता यायचं. कवळीकरांना ते फार आवडलं. इतकं का आवडलं, हा प्रश्न तेव्हा आमच्या कुणाच्या डोक्यात आला नाही. त्यात जाड-बारीक आवाज कमीजास्त करायच्या पट्ट्या होत्या, त्यांतल्या बारीक आवाजाच्या सगळ्या त्यांनी टोकाला नेऊन ठेवल्या, तेव्हा टेलरमास्तर म्हणालेही, "कानात सुया टोचतायत हो." त्यावर कवळीकर म्हणाले, "कान तयार नसला की टोचतंच."

आता अडतीस हजार रकाने भरायचे कुणी? कवळीकरांची बोटं दात घासून घासून बधिर झालेली. चिमाताई होत्याच.

चौदा महिने हे काम चाललं. सकाळचा स्वयंपाक उरकला की दहापासून एकपर्यंत त्या कॉम्प्युटरसमोर बसायच्या. कवळीकर मागं खुर्चीत, हातात जुन्या वह्या. वहीतून वाचून ते सांगायचे, त्या टाइप करायच्या. एखादं अक्षर चुकलं तर कवळीकर सबंध फोल्डर पुसायला लावायचे आणि पहिल्यापासून भरायला सांगायचे. तीस वर्षांत न चुकलेली बाई त्या खोलीत चुकायला लागली. दुपारी मी दुकान बंद करताना वरून आवाज यायचा, "चिमे, देवानं कान दिला नाही, निदान डोळे तरी दिलेत ना?"

कान दिला नाही, हे त्यांचं पालुपद होतं. त्यामागं एक गोष्ट होती. चिमाताई वीस वर्षांच्या असताना गाणं शिकायच्या. त्यांच्या बाईंच्या वर्गाचा कार्यक्रम झाला, त्यात त्या गायल्या आणि कवळीकरांनी ते टेप केलं. नऊ मिनिटांचं गाणं. तेव्हाच्या एका थोर गायिकेनं गाजवलेली चीज होती, सगळे तिला मोठ्या बाई म्हणायचे. शेवटाकडे वरच्या सुरावर चिमाताईंचा आवाज फाटला. एवढंच. पण घरी येऊन भावानं तो तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला, पाहुण्यांना ऐकवला, आणि चिमाताईंचं गाणं तिथं संपलं.

ते ध्वनिमुद्रण कवळीकरांनी जपून ठेवलं होतं. दर दोन-चार शनिवारांनी, भरपूर ऐकणं झाल्यावर, ते डोळे मिचकावून म्हणायचे, "आता तोंडाची चव बदलायला आमच्या चिमणीचं गाणं." सुरुवातीला कार्यक्रमाच्या निवेदिकेचा आवाज यायचा, मग गाणं. चिमाताई नेमक्या तेव्हा चहा घेऊन आलेल्या असायच्या, कारण कवळीकर चहाची वेळ साधूनच ते लावायचे. आवाज फाटला की ते खुर्चीच्या हातावर थाप मारायचे आणि आम्ही हसायचो. मीही हसायचो. गाणं वाईट नव्हतं, हे मला पहिल्या वेळेपासून कळत होतं. तरी हसायचो. चिमाताईसुद्धा थोड्या हसायच्या, बशा पुढं करायच्या आणि आत जायच्या.

रकाने भरता भरता हे गाणं आलं तेव्हा काय झालं, ते चिमाताईंनीच मला पुढं सांगितलं. कवळीकर मागून म्हणाले, "लिही. गायिका: चिमणी. साल लिही. प्रकार…" आणि थोडं थांबून म्हणाले, "प्रकार: विनोद."

"दादा, हे नको ना लिहायला."

"का? खोटं आहे?"

त्यांनी लिहिलं. व, वेलांटी, न, ओकार, द. एकही अक्षर चुकलं नाही.

त्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट घडली. एका जुन्या कॅसेटची फाइल निघाली, वहीत तिची नोंद नव्हती. लावून बघितली. कवळीकर अर्धा मिनिट मान तिरकी करून बसले आणि म्हणाले, "रिकामी आहे. नुसती टेपची घरघर. उडव."

चिमाताईंना स्पष्ट ऐकू येत होतं. घरघरीच्या वर, लांबून कुणीतरी वाजवत असलेली बासरी, अगदी वरच्या पट्टीतली.

त्या म्हणाल्या, "दादा, आवाज आहे रे त्यात."

"तुला कान आहे का मला? उडव म्हटलं ना."

त्यांनी फाइल उडवली नाही, आणि पुढं काही बोलल्याही नाहीत. पण तेव्हापासून त्या लक्ष ठेवायला लागल्या. दाराची घंटा बारीक आवाजाची होती. ती वाजली की भाऊ हलत नाही. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी विचारतो, "झाला का गं भात?" चाळीस वर्षं तोंडापासून वीतभर अंतरावर दात घासायची मोटर किंचाळत होती, तिनं कानातला वरचा मजला कधीच रिकामा केला होता. आवाज त्याला येत होता, चाल कळत होती, पण गळा कुणाचा ते कळत नव्हतं. गाणं सुरू झालं की भाऊ आधी पडद्याकडे बघतो आणि मग डोळे मिटून मान डोलवतो, हे त्यांनी महिनाभर रोज पाहिलं. त्याला स्वतःला हे ठाऊक होतं की नाही? माझ्या मते होतं. नाहीतर पडदाभर अक्षरं कशाला हवी होती?

काम पुरं झालं तेव्हा कवळीकरांनी आम्हाला मुद्दाम बोलावलं. नवा प्लेअर दाखवायचा होता. खोलीत पंखा पुसलेला, खुर्च्या मांडलेल्या. "अडतीस हजार," ते म्हणाले, "आणि एकही नाव चुकीचं नाही. कुठलंही मागा." टेलरमास्तरांनी एक मागितलं, कॅशियरनी एक मागितलं. दोन्ही निघाली. मग कवळीकर म्हणाले, "आता मोठ्या बाई," आणि ती गाजलेली चीज लावली. पडद्यावर मोठ्या बाईंचं नाव आलं, खाली साल, प्रकार: शास्त्रीय, शेरा: सर्वोत्तम.

पहिल्या आलापालाच मी ओळखलं. हा गळा मी गेली कित्येक वर्षं चहाबरोबर ऐकत होतो. निवेदिका तेवढी नव्हती, सुरुवात कापलेली होती. मी कॅशियरकडे पाहिलं. त्यांचा कप ओठाशी थांबला होता. टेलरमास्तर तोंड उघडं टाकून पडद्यावरचं नाव वाचत होते.

कवळीकरांचे डोळे मिटलेले. "ऐका," ते म्हणाले. "हे स्वर लावणं बघा. याला म्हणतात तयारी. आजकालच्या पोरींना शंभर वर्षं घासा, हे यायचं नाही." चिमाताई दुसऱ्या चहाची किटली घेऊन दारात उभ्या होत्या. आत आल्या नाहीत, गेल्याही नाहीत.

नऊ मिनिटं. आमच्यापैकी कुणीही तोंड उघडून कवळीकरांना वाचवू शकलं असतं. कुणी उघडलं नाही. पुढं काय येणार आहे ते आम्हा तिघांनाही माहीत होतं, आणि आम्ही त्याची वाट पाहत होतो. आलं. वरच्या सुरावर आवाज फाटला.

कवळीकरांनी हात वर केला. "वा! कळलं? बाईंनी इथं आवाज मुद्दाम सोडलाय. दुखावल्यासारखा. हे करायला काळीज लागतं."

टेलरमास्तरांच्या तोंडातून चहा उडाला. त्यांनी रुमाल लावला, पण खांदे हलायला लागले. मग मीही हसलो. आम्ही जसे नेहमी हसायचो अगदी तसेच हसलो, त्यात काही नवीन नव्हतं.

"हसायला काय झालं?"

कॅशियर मूळचा खवचट माणूस. आयुष्यभर लोकांच्या नोटा उजेडात धरून बघितलेला. ते कप खाली ठेवून म्हणाले, "कवळीकर, ही तुमची चिमणी आहे."

"नाव वाचा वरचं."

"नाव टाइप कुणी केलं?"

कवळीकरांनी मान वळवली. तोवर गाणं संपून टाळ्या वाजत होत्या, एका लहानशा खोलीतल्या वीस-पंचवीस माणसांच्या टाळ्या. मोठ्या बाईंना एवढ्याच टाळ्या कशा, हे तरी त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं.

"माझंच आहे, दादा," चिमाताई म्हणाल्या. "तू म्हणालास ना, काळीज लागतं?" आणि त्यांनी आमच्या कपांत चहा ओतला. आधी पाहुण्यांना, मग भावाला.

कवळीकर उठले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "तुम्ही निघा आता." जिन्यात आम्ही पुन्हा हसलो. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. ज्या बाईंचं हसणं त्यांनी वाईट ठरवलं होतं, त्या माझ्या दुकानात येऊन सगळे दात दाखवून हसून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवळीकरांनी बहिणीला विचारलं, "आणखी किती बदललीस?"

"आठवत नाही."

"आठवत नाही म्हणजे?"

"अडतीस हजार होती, दादा. कसं आठवेल?"

मग सुरू झालं ते आजतागायत चालू आहे. कवळीकरांनी कान तपासून घेतले, मशीन लावलं. मशीनमधून त्यांना सगळंच ऐकू यायला लागलं, पण सगळं पत्र्याच्या डब्यातून. मोठ्या बाई आणि भांडी घासणारी बाई, दोघींचा आवाज सारखाच. खातरजमा करायची तर ज्याला ऐकू येतं असा माणूस जवळ बसायला हवा. टेलरमास्तर दोनदा गेले आणि कंटाळले. कॅशियर उत्साहानं जायचे, पण ते मुद्दाम भलतीच नावं ठोकून द्यायचे आणि खाली येऊन मला सांगायचे, "आज तीन गाण्यांची गवयांशी लागलेली लग्नं मोडली." हे कवळीकरांच्या लक्षात आल्यावर त्यांनी कॅशियरना दार बंद केलं. मग राहिलो मी.

शनिवारी दुपारी मी जातो. ते गाणं लावतात, नाव वाचतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. पूर्वी कधी ते कुणाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, दात सोडून. मला शंका असली की ते नावापुढं प्रश्नचिन्ह टाकतात, एका बोटानं, कीबोर्डवर कळ शोधत. चिमाताईंना आता कॉम्प्युटरला हात लावू देत नाहीत. त्याही मागत नाहीत. त्या आत स्वयंपाकघरात गातात. गुणगुणत नाहीत, चांगल्या गळा मोकळा सोडून गातात. कवळीकर मशीन काढून बसलेले असले तर कधीतरी विचारतात, "काही म्हणालीस का?" त्या म्हणतात, "नाही."

मशीनच्या बॅटऱ्या माझ्याच दुकानातून जातात, न्यायला चिमाताई येतात. एकदा गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी विचारून टाकलं, "ताई, खरं सांगा. किती नावं बदललीत तुम्ही?"

"एक."

"एकच?"

"ते तुम्ही ऐकलंत की. बाकी सगळी बरोबर आहेत. मी चुकत नाही."

"मग सांगा ना त्यांना. माणूस झुरतोय हो."

त्यांनी बॅटऱ्यांचं पाकीट पर्समध्ये ठेवलं, चेन ओढली. "तुम्ही सांगा की. तुमच्यावर विश्वास आहे त्याचा." त्यात कुठंही राग नव्हता. मग त्यांनी खोकल्याच्या गोळ्या मागितल्या, घेतल्या आणि रस्ता ओलांडून वर गेल्या.

सांगायचं मी मनाशी ठरवलं होतं. ही दीड वर्षापूर्वीची गोष्ट. पण वीस वर्षं मी त्या खोलीत मान डोलवत बसलो होतो, कान नसलेला औषधवाला म्हणून. आता त्या खोलीत माझ्या शब्दाशिवाय एक गाणं पुढं सरकत नाही. माणसाला याची सवय लागते.

गेल्या शनिवारी त्यांनी एका म्हाताऱ्या गवयाची फाइल लावली. आवाज इतका ओळखीचा की गल्लीतल्या कुणीही ओळखला असता. नाव बरोबर होतं. कवळीकर खुर्चीच्या कडेला बसून माझ्याकडे बघत होते, मशीनचा कान माझ्या बाजूला करून.

"हेच ना हे?" त्यांनी विचारलं. "की दुसरं कुणी?"

आत चिमाताईंचं गाणं थांबलं होतं. त्या ऐकत असाव्यात.

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, चष्मा वर केला आणि प्रश्नचिन्हाची कळ शोधायला लागले. मी चहा संपवून दुकान उघडायला खाली आलो.